विळ्याचं शेपूट

माझ्या नातसुनेला दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आणलं, आणि ती आपल्या पायांनी जिना चढून वर गेली. मी बघतच राहिले. मला पहिल्या बाळंतपणात एका खोलीतून बाहेर यायला अख्खा चैत्र गेला, वर थोडा वैशाखही. आणि तो कशापायी म्हणाल, तर विळ्याच्या शेपटीपायी. हे सांगितलं की पोरी हसतात. हसू द्या, त्यांचं काय जातंय.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आमच्या गावापर्यंत ती रॉकेलच्या टंचाईतून आणि लेव्हीतून यायची. लेव्ही म्हणजे पिकलेल्या ज्वारीतला ठरलेला वाटा सरकारला घालायचा. पीक बुडालं म्हणून वाटा कमी होत नसे. माझं सासर सोनपेठच्या बाजाराला चालत जाऊन दिवस बुडायच्या आत परत येता येईल इतकं जवळ. शेती बऱ्यापैकी, सासरे वारलेले, कारभार सगळा सासूच्या हाती. नवरा होता, पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. माहेर राणीसावरगावचं. वडील तिथं सरकारी शाळेत मास्तर होते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, रीतच ती. पण मला सातवा लागला आणि आईची उजवी बाजू वाऱ्यानं गेली. ती अंथरुणाला खिळली, तिचंच करायला माणूस नाही, तिथं मी कुणाच्या जिवावर बाळंत होणार? म्हणून सासरीच राहिले आणि फाल्गुन सरताना मला मुलगी झाली. सासू म्हणाली, "पयली बेटी, धनाची पेटी." आणि धनाच्या पेटीसारखंच तिनं आम्हा दोघींना आत घालून दार लावून घेतलं.

खोली घराच्या पोटात होती. अंगणाच्या बाजूला हात जाईल एवढा एक झरोका, त्यात वारं लागू नये म्हणून चिंध्या कोंबलेल्या. दाराला घोंगडी. खोलीच्या बरोबर मधोमध माझी बाज, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धूर. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत हा भट्टीचा थाट. पाणी मागितलं तर उकळलेलं, तेही वाटीभर. उशाखाली विळा. बाळाची नाळ ज्या लोखंडानं कापली ते बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचं, म्हणजे वाईटसाईट जवळ येत नाही, अशी तिकडची समजूत. सासरचा विळा जुना. माझ्या नवऱ्याची नाळही त्यानंच कापलेली, आणि त्याच्या बापाचीही, असं सांगत.

पाचवीला सुईण सटवाईची पूजा मांडायला आली. पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद ठेवला, आणि विळा ठेवायला म्हणून तिनं माझ्या उशाखालून मूठ धरून तो ओढला. हातात नुसती मूठ आली. पातं उशाखालीच राहिलं. विळ्याचा जो निमुळता भाग मुठीच्या लाकडात जातो, त्याला तिकडं शेपूट म्हणत. ते शेपूट आतल्या आत गंजून गेलं होतं आणि नेमकं त्या दिवशी मोडलं. सुईण मुठीकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडून "आई गंऽ" निघालं.

नवरा घोंगडीच्या पलीकडून म्हणाला, "दुसरा विळा ठिवा की. गोठ्यात तीन हायेत."

"नाळ गोठ्यातल्यानं कापली का?" सासूनं विचारलं. मग ती सुईणीसमोर, चार बाया ऐकत असताना, खणखणीत आवाजात म्हणाली, "लोखंड तुटलं म्हंजी राखण तुटली. ह्येच लोखंड सांधायचं. आन ते घराच्या भाईर न्यायचं न्हाई, हितंच आपल्या आंगणात सांधायचं, हिच्या शेगडीच्या इस्तवावर. तवर बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा न्हाई."

बायांनी माना डोलावल्या. असा रिवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि पुढच्या साऱ्या आयुष्यात कुठं ऐकला नाही. पण त्या वेळी वाटलं, असेल बाई यांच्यात. दुसऱ्याच्या घरात आलेली मुलगी रिवाजावर वाद घालत नाही. तिला रिवाज माहीतच कुठं असतात?

आता गावचा लोहार काही आपली भट्टी उचलून अंगणात आणत नाही. त्यासाठी घिसाडी यायला हवे होते. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. गाडीवर संसार, बकऱ्याच्या कातड्याचा भाता, आणि घण मारायला घरची बायको. पेरणीआधी ते गावोगाव औजारं नीट करत फिरतात. पण ते आमच्या गावाला कधी येतील हे त्यांनाही ठाऊक नसतं. बारावा दिवस गेला. बारसं खोलीतच झालं, धुरानं पाळण्यातली पोर ठसकत होती. बाराव्याला बाहेर येऊन सूर्याला हात जोडायचे असतात, ते मी झरोक्यातल्या चिंध्यांना जोडले. मग मी दिवस मोजायचं सोडून दिलं.

कोंडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दार काही बंद नव्हतं, नुसती घोंगडी होती. एक पाय टाकला की मी बाहेर. पण तो पाय टाकला आणि पुढं पोरीला शिंक जरी आली, तरी जन्मभर माझ्या नावानं खडे फुटले असते. मी घोंगडीपर्यंत जाई, तिच्या लोकरीचा उग्र वास घेई आणि परत बाजेवर येऊन बसे. सासूचं मला नवल वाटे. ती खायला-प्यायला कमी करत नव्हती. डिंकाचे लाडू हातात देई, पोरीला स्वतः न्हाऊमाखू घाली. फक्त बाहेरचं नाव काढलं की तिचा चेहरा बंद होई. बाज भिंतीशी सरकवा, झरोक्याचं वारं तरी येईल, म्हटलं तर म्हणाली, "बाज हाय तिथंच ऱ्हाऊ दे." मला वाटायचं, ही मला वठणीवर आणायलीय. मास्तराची लेक, दोन अक्षरं वाचते, तिची जिरवायलीय.

गावचा एकजण बाजारातून निरोप घेऊन आला की आईचं बोलणं बंद झालंय. आता तिच्यात फार राहिलं नाही हे मला कळलं. त्या घडीपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: ती आहे तोवर तिच्या मांडीवर नात घालायची. डावा हात चालत होता तिचा. डाव्या हातानं तरी तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवावा. बाकी मला काही नको होतं.

चैत्र सरता सरता घिसाडी आले. पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या कडेला त्यांची गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं आमच्या अंगणात. मी झरोक्यातल्या चिंध्या उपसून डोळा लावला. घिसाड्यानं जमिनीत वीतभर खड्डा केला, भात्याचं तोंड त्यात बसवलं, ऐरण ठोकली. त्यानं गंजलेला बुडखा छाटून टाकला आणि नव्या लोखंडाचा लांबट तुकडा घेतला. हाच पात्याला जोडून नवं शेपूट करायचं. पात्याचं पाणी उतरू नये, म्हणजे धार मऊ पडू नये, म्हणून त्यानं पातं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि जोडायचं तेवढं टोक उघडं ठेवलं. त्याच्या बायकोनं कोळशाचं पोतं सोडलं, तशी सासू पुढं झाली.

"कोळसा न्हाई. बाळंतिणीच्या शेगडीचा इस्तू आन गोवऱ्या. त्याच्यावरच करायचं."

घिसाडीण हसलीच. "आवो माय, गोवरीवर भाकर व्हती, लोखंड न्हाई सांधत."

"तू मला शिकवू नगं. सांगितलंय तसं कर."

कामाला आलेलं माणूस किती वाद घालणार? माझ्या बाजेखालचा विस्तव घमेल्यातून नेला, वर गोवऱ्या रचल्या, भाता चालू झाला. राखच राख उडाली. लोखंड लाल झालं, गाजरासारखं, पण त्याच्या पुढं जाईना. घिसाड्यानं दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवली, बायकोनं घण घातला, आणि तुकडा बाजूला सरकून ऐरणीवरून खाली पडला. परत तापवलं, परत पडला. तिसऱ्या खेपेला घिसाड्यानं सांडशी खाली टाकली. सासू म्हणाली, "आज दिस चांगला न्हाई. ऱ्हाऊ द्या. मागनं बघू." तिच्या आवाजात जराही हळहळ नव्हती. मी झरोक्याशी उभी राहून रडले, आणि रडता रडता असा राग आला की हातातली चिंधी दातांनी फाडली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला माझा धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन आला. गाडी मागून आणलेली, बैलही मागून आणलेले. घोंगडीच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "आक्का, आई काई खायना झाली. नुसती दाराकडं बघायलीय. उद्याच्याला निघू."

सासूनं त्याला गूळपाणी दिलं, जेवू घातलं आणि सांगितलं, "लोखंड सांधलं की घिऊन जावा. मी कुठं अडवायले?"

सकाळी घिसाडीण भाकरी मागायला आली ती झरोक्याखाली येऊन उभी राहिली. "पोरगी दाव की गं," म्हणाली. मी पोरीला उचलून झरोक्याशी धरलं. तिनं दोन बोटं आत घालून तिच्या गालाला लावली. बोटं काळी, नखं फुटलेली. म्हणाली, "माजी गाडीत झाली व्हती, चालत्या गाडीत. तू तर नशिबाची, लेकी, निजायला मिळालं तुला."

मी तिला आईचं सांगितलं. मग म्हटलं, "मावशी, खाली कोळसा घाला. वर गोवऱ्या ठेवा. वरून दिसतील त्या गोवऱ्याच."

तिनं झरोक्यातून माझ्याकडं बघितलं. "आन सासू?"

"विस्तव शेगडीचाच घ्या. त्यांनी सांगितलंय ते सगळं होतंय. खाली काय आहे ते कोण बघतंय?"

"लय पोचलेली हायस गं तू," म्हणाली आणि गेली.

ती परत आली नवऱ्याला घेऊन. सासू नको म्हणत होती, पण माझा भाऊ अंगणात, शेजारच्या बाया बघायला आलेल्या, सगळ्यांसमोर ती कशी नाही म्हणणार? विस्तव नेला. भाता चालला. या वेळी आवाजच वेगळा होता, खोल, घुमणारा. लोखंड लाल झालं, मग पिवळं, मग डोळा ठरेना इतकं पांढरं. लोखंड चिकटावं म्हणून घिसाड्यानं त्याच्यावर चिमूटभर टाकणखार टाकला. तव्यावर तीळ तडतडावेत तशा ठिणग्या सुटायला लागल्या तसा तो ओरडला, आणि तिनं घण घातला. एक हलका, दुसरा जड, मग भराभर. जोड धरला. त्यानं सांडशीनं उचलून हलवून बघितलं, ऐरणीवर आपटून बघितलं, तरी दोन्ही लोखंडं एक झालेली. त्यानं शेपूट निमुळतं केलं, परत तापवलं आणि बाभळीच्या नव्या मुठीत ठोकून बसवलं. लाकूड जळाल्याचा वास आत खोलीपर्यंत आला. इतका चांगला वास मी त्या महिन्यात घेतला नव्हता.

सासूनं घोंगडी बाजूला केली. तिच्या हातात विळा होता आणि तोंडावर एकही रेषा हसरी नव्हती. "झालं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिला माझी सुटका बघवत नाही. मी विळा घेतला, पोरीला कुशीत घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. ओसरीची फरशी गार लागली. ऊन डोळ्यांत घुसलं, काही दिसेना. भाऊ गाडीत कडबा पसरून वर वाकळ घालत होता.

आणि वेशीकडून दवंडी ऐकू आली. लेव्हीचे लोक आले होते. आमचं घर वेशीजवळच, म्हणजे पहिलं आमचंच.

सासूनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. मला मागं ओढून ती कानात बोलली, "पोरी, तुज्या बाजंखाली पेव हाय. समदी ज्वारी तिथंच हाय. बाळंतिणीच्या खोलीत कुणी पाय घालत न्हाई. तू भाईर आलीस आन त्ये आत गेले, तर वर्साचं खाणं गेलं."

मला कळा यायच्या आधी खोली सारवायची म्हणून मला एक रात्र शेजारच्या घरी निजवलं होतं. त्या रात्री जमिनीतला तो धान्याचा खड्डा भरला, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. बाज मधोमध का, तेही कळलं. गोवऱ्याच का, घराबाहेर का नाही, सगळं: विळा सांधलाच जाऊ नये आणि मी आतच राहावं. मी बाळंतीण नव्हतेच महिनाभर. मी पेवावरचं झाकण होते.

"मला सांगितलं का नाही, आत्याबाई?"

"कसं सांगू? मास्तराची लेक तू. तुज्या बापाला सरकारचा पगार."

मला इतका संताप आला की हातातल्या विळ्याची मूठ मी घट्ट आवळली, आणि ती अजून गरम होती. पन्नास पावलांवर गाडी उभी होती. मी चालायला लागले असते तर त्या घडीला सासू मला अडवू शकत नव्हती. पण त्या वर्षी ज्वारी विकत मिळत नव्हती, हातात काही असलं तरी मिळत नव्हती. पोर अंगावर पीत होती. मी मागं फिरले. सासूची दया आली म्हणून नाही. भाकरीच्या भीतीनं फिरले. घोंगडी माझ्यामागं पडली.

अंगणात गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार आला, बरोबर पटवारी आणि दोन चपराशी. त्यांनी कणगी बघितली, माळा बघितला, गोठ्यातला कडबा उलथून बघितला. उगाच कुणाला बोलले नाहीत, नासधूस केली नाही. खोलीपाशी आले तेव्हा सासू म्हणाली, "बाळंतीण हाय आत." पटवारी तिथंच थांबला, आणि गिरदावरानं तर तोंड दुसरीकडं फिरवलं. दोघेही आपापल्या रिवाजाचे पक्के.

तेवढ्यात माझा भोळा भाऊ घोंगडीशी आला. "आक्का, चल की. विळा तर सांधला. आता काय राह्यलं?"

मी पोरीला थोपटत राहिले. तो गिरदावराकडं वळला आणि रडकुंडीला येऊन त्यालाच सांगायला लागला, की आई मरायला टेकलीय, बहिणीला न्यायला आलोय, आणि हे लोक सोडत नाहीत. तो गिरदावर वयस्क होता. सासूला म्हणाला, "भाई लेने कू आया तो जाने देव ना, माँ. माँ एकीच होती."

सासू काय बोलणार? आता बोलायचं होतं ते मलाच. मी पोरीला छातीशी धरलं आणि आतून म्हणाले, "मला बरं नाही. मला यायचं नाही. तू जा."

"आक्का, आईला काय सांगू?"

"सांग, मागून येते म्हणावं."

घोंगडीखालून मला त्याचे पाय दिसत होते, धुळीनं भरलेले. मग ते पाय गेले. गाडीच्या चाकांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला.

लेव्हीच्या लोकांनी चावडीत मुक्काम टाकला आणि घराघराची ज्वारी मोजून होईपर्यंत ते हलले नाहीत. तोवर मी बाजेवर. ते गेले तेव्हा वैशाख लागला होता. नवऱ्यानं गाडी जुंपली, आम्ही निघायचं म्हणून पोरीला काजळ घातलं, आणि गंगाखेडच्या वाटेनं माहेरचा निरोप्या आला. आई गेली होती. मग भाऊ आला तेव्हा मी त्याला विचारलं, माझा निरोप दिलास का? तो म्हणाला, दिला. आईनं ऐकला का, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्यानं पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी सरळ नजरेनं बोलणं केलं नाही. त्याला खरं सांगायचं म्हणजे पेवाचं सांगायचं, आणि तो तेव्हा सरकारी शाळेत उमेदवारी करत होता.

आषाढात घरातली कणगी संपली. गावात लोक अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढत होते. सासूनं माझी बाज बाजूला केली, नवरा पेवात उतरला आणि पहिली पाटी वर आली. पेवातल्या ज्वारीला एक उग्र, आंबूस वास असतो, तो सगळ्या घरात भरला. सासूनं स्वतः दळलं, स्वतः भाकरी थापल्या. आणि त्या घरात कधी झालं नव्हतं ते तिनं केलं. मुलाच्या आधी माझं पान वाढलं. माझ्यासमोर बसली, भाकरी मोडून माझ्या पुढ्यात ठेवली आणि मान खाली घालून म्हणाली, "खा, माय."

ते ताट ढकलून द्यावं, असं मला किती वाटलं होतं. दोन महिने मनात तेवढंच घोकत होते, की हिनं ही ज्वारी पुढ्यात ठेवली की मी तिच्या तोंडावर फेकीन. मी भाकरीचा तुकडा उचलला. गरम होती. पोर मांडीवर चुळबुळत होती आणि मला भूक लागली होती, पोटात आग पडावी तशी भूक. मी एक खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी मी मागून घेतली.